गाण्याला एक खोली हवी आहे

नवी गाणी कमी पडताहेत, अशी तक्रार आज कुणालाच करता येणार नाही. दिल्लीच्या 'पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी' या बँडचा 'बीटा' हा आल्बम ऑगस्ट २०२४मध्ये आला, तो माझ्या कानांतून अजून उतरलेला नाही. ब्लडीवुड या मेटल बँडचा 'नू दिल्ली' मार्च २०२५चा. त्यात ढोल आणि बासरी मेटलच्या गिटारशेजारी इतक्या हक्काने वाजतात की त्यांना वेगळं काढून ऐकताच येत नाही. रॅपर हनुमानकाइंड २०२५मध्ये केरळचं चेंडा हे तालवाद्य घेऊन अमेरिकेतल्या कोचेला फेस्टिव्हलच्या मंचावर उभा राहिला. आणि आपलं 'तांबडी चामडी'! क्रेटेक्स आणि श्रेयस या जोडीचं गाणं, ठेका हाऊस संगीताचा, शब्द ठसठशीत मराठी, प्रकाशित करणारी कंपनी नेदरलँड्सची स्पिनिन रेकॉर्ड्स. मराठीचा एक शब्द न कळणारी माणसंही त्यावर नाचली.

हे ऐकताना ऊर भरून येतो. पण हेच गाणं फोनमधून बाहेर काढून चार माणसांसमोर वाजवायचं म्हटलं की पहिला प्रश्न उभा राहतो: कुठे? स्वतःची गाणी स्वतः लिहिणाऱ्या, कुठल्याही सिनेमाच्या वा मोठ्या कंपनीच्या आधाराशिवाय ती वाजवणाऱ्या मुलामुलींना आज सगळ्यात जास्त चणचण आहे ती जागेची. शंभर-दोनशे माणसं मावतील अशी एक खोली, तिचं परवडणारं भाडं आणि बरा साऊंड. एवढंच मागण्यासाठी हा लेख लिहितो आहे, आणि हे मागणं तुमच्याकडे आहे.

आगामी फेस्टिव्हलचं कुठलंही पोस्टर नीट बघा. वरची दोन-तीन नावं ठळक, मग अक्षरं लहान होत जातात आणि तळाच्या ओळी वाचायला पोस्टर डोळ्यांशी धरावं लागतं. सप्टेंबरमध्ये अरुणाचलातल्या आपातानींच्या खोऱ्यात भरणारा झिरो असो, राजस्थानातल्या अलसीसरच्या महालात सुरू झालेला मॅग्नेटिक फील्ड्स असो, की २०२३पासून महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर आलेला लोलापलूझा, माझी नजर आधी तळाच्या ओळीवर जाते. पुढच्या काही वर्षांत वरच्या ओळीत कोण असणार, ते तिथे लिहिलेलं असतं. पण त्या तळाच्या ओळीपर्यंत तरी बँड पोचतो कसा? घरातल्या सरावातून थेट वीस हजारांसमोर कुणी जात नाही. मध्ये पन्नासेक गिग, म्हणजे छोटे कार्यक्रम, लागतात. कधी समोर तीसच माणसं असतात, कधी मॉनिटरमधून आवाज येत नाही, कधी तिसऱ्या गाण्याला लोक पाठ फिरवून गप्पा मारायला लागतात आणि मग सेटचा क्रम बदलावा लागतो. हे शिक्षण खोलीतच मिळतं. पुण्याने २०१०मध्ये एनएच७ वीकेंडर हा फेस्टिव्हल सुरू होताना पाहिला. तो उभा राहू शकला, कारण त्याच्या मंचावर चढवायला बँड तयार होते आणि ते आधीच कुठे कुठे वाजवून तयार झाले होते.

मुंबईने या खोल्या कशा गमावल्या, हे सांगायला हवं. धोबी तलावाला, सेंट झेवियर्स कॉलेजच्या शेजारी रंगभवन नावाचं खुलं नाट्यगृह आहे. १९७८मध्ये 'जॅझ यात्रा' हा महोत्सव पहिल्यांदा तिथे झाला आणि सॉनी रोलिन्ससारखा सॅक्सोफोनवादक त्यासाठी मुंबईत आला. १९८६मध्ये 'इंडिपेंडन्स रॉक' हा रॉक संगीताचा महोत्सव सुरू झाला, तोही रंगभवनातच. कॉलेजातली पोरं आपापले बँड घेऊन यायची, वाजवायची आणि आवडलं नाही तर प्रेक्षक तोंडावर सांगायचे. पुढे ध्वनिप्रदूषणाचे २०००चे नियम आले. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवतालच्या शंभर मीटरला शांतता क्षेत्र ठरवलं गेलं. रंगभवनाच्या आसपास हे सगळंच आहे. तिथलं संगीत थांबलं.

नियमावर माझा राग नाही. शेजारी आजारी माणूस झोपलेला असताना ड्रम वाजवू नयेत, हे कुणालाही पटेल. राग आहे तो याचा की एक जागा बंद करताना 'मग ही मुलं आता कुठे वाजवतील?' हा प्रश्न शहराने मनावर घेतला नाही.

डिसेंबर २००७मध्ये लोअर परळच्या मथुरादास मिल कंपाउंडमध्ये ब्लू फ्रॉग हे संगीताचं ठिकाण उघडलं. साऊंड उत्तम, मंच जिव्हाळ्याचा, आणि बँडकडे पाहुणा म्हणून बघायची रीत. २०१६मध्ये तेही गेलं. जुहूचं रॅझबेरी ऱ्हायनोसेरॉस त्याआधीच गेलं होतं. गिरणीच्या आवारात गाणं वाजतंय, ही काही त्या मातीला नवी गोष्ट नव्हती. याच गिरणगावात अमर शेख, अण्णाभाऊ साठे आणि गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने चाळीचाळींत, मैदानामैदानांत स्वतःची गाणी गायली. आज मुंबईचा 'स्वदेसी' हा हिप-हॉप गट प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन 'द वारली रिव्होल्ट'मधून आरेतल्या आदिवासींचं म्हणणं मांडतो, तेव्हा मला तीच परंपरा चालत आलेली दिसते. अभंग रिपोस्ट ही मुंबईची मंडळी बेस गिटार आणि तबल्यावर अभंग गातात. पुण्याचे ईझी वाँडरलिंग्ज इंग्रजीत गातात. भाषा कुठलीही असो, ही आपली माणसं आहेत आणि त्यांना वाजवायला आपल्याच शहरात जागा हवी.

आता जी थोडीफार ठिकाणं उरली आहेत, त्यांचं गणित बघा. बहुतेक ठिकाणं म्हणजे बार आहेत. तिकिटावर भाडं निघत नाही, ते दारूच्या बिलावर निघतं. त्यामुळे मालकाला गाणं हवं असतं ते गिऱ्हाईक दोन तास जास्त बसावं म्हणून. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, त्यालाही जागेचं भाडं भरायचं आहे. पण याचा एक परिणाम असा, की महाराष्ट्रात बिअर आणि वाईनसाठी वयाची अट २१ आणि कडक दारूसाठी २५ असल्यामुळे अशा ठिकाणी एकोणीस वर्षांच्या मुलीला बरेचदा दारातूनच परत पाठवतात. तिला दारू नकोच असते. तिला तो बँड ऐकायचा असतो, ज्याची सगळी गाणी तिला पाठ आहेत. ज्या वयात माणूस संगीतासाठी वेडा होतो, नेमक्या त्याच वयाला आपण दाराबाहेर उभं केलं आहे. आणि गाणाऱ्यांचंही तेच. अठरा वर्षांचा ड्रमर ज्या जागी वाजवणार, त्या जागी त्याचे वर्गमित्रच येऊ शकत नाहीत.

म्हणून खोली हवी ती दारूच्या बिलावर न चालणारी. आणि अशी खोली महाराष्ट्राला नवी नाही. दादरच्या छबिलदास शाळेचं सभागृह आठवा. १९७४पासून 'आविष्कार' या नाट्यसंस्थेने तिथे प्रायोगिक नाटकं केली. अरविंद आणि सुलभा देशपांडे, अरुण काकडे यांनी ती जागा धरून ठेवली. शाळा सुटल्यावर बाकं हलवायची, दिवे लावायचे आणि थोडक्या प्रेक्षकांसमोर प्रयोग करायचा. पुढे ती जागा सुटली, तेव्हा माहीमच्या महापालिका शाळेत आविष्कारला आसरा मिळाला. मराठी रंगभूमीवर आज ज्यांची नावं आपण अभिमानाने घेतो, त्यांतली कितीतरी माणसं त्या शाळांच्या खोल्यांत घडली. कुणी स्टेडियम बांधून दिलं नव्हतं. एक सभागृह संध्याकाळी मोकळं असतं, ते द्या, एवढंच होतं. नाटकाला जे दिलं ते गाण्याला द्या, हे माझं मागणं आहे.

कायदा याच्या आड येत नाही, हेही सांगतो. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकावर बंदी आहे, पण त्याच २०००च्या नियमांत सभागृह, समाजमंदिर अशा बंदिस्त जागांना, आवाज आतल्या आत राहत असेल तर, वेगळी वागणूक आहे. रंगभवन गेलं ते उघडं होतं म्हणून. दारं-खिडक्या बंद होणारं, भिंतींना जाड पडदे लावलेलं सभागृह असेल आणि कार्यक्रम साडेनऊला संपत असेल, तर शेजाऱ्यांची झोपही शाबूत राहते आणि शेवटची लोकलही मिळते. कराचंही तसंच. संगीताच्या कार्यक्रमाचं तिकीट ५०० रुपयांपर्यंत असेल तर त्यावर जीएसटी नाही, त्यावर गेलं की १८ टक्के. म्हणजे छोट्या गिगला सरकारने एक दार आधीच उघडं ठेवलं आहे. अवघड आहे ते परवान्यांचं जंजाळ. सार्वजनिक करमणुकीच्या कार्यक्रमांना आजही १९६०चे नियम लागू आहेत, त्यांच्या नावातच मेळे आणि तमाशे आहेत. चार मुलांनी दीडशे लोकांसमोर गिटार वाजवायची आणि एखाद्या कंपनीने मैदानभर जत्रा भरवायची, या दोहोंना एकाच मापाने मोजू नये. दोनशेखालच्या बंदिस्त कार्यक्रमाला एकाच खिडकीवर, एकाच अर्जावर परवानगी मिळावी. हे राज्य सरकारला अशक्य नाही.

पैशांचा प्रश्न येणारच. त्यावर ब्रिटनमध्ये एक वाट काढली गेली आहे. तिथे २०१४मध्ये म्युझिक व्हेन्यू ट्रस्ट स्थापन झाला, कारण छोटी ठिकाणं धडाधड बंद पडत होती. २०२३ या एका वर्षात अशी १२५ ठिकाणं गेली. बाथ शहरातलं मोल्स त्यांपैकीच. ओएसिस आणि रेडिओहेड मोठे होण्याआधी तिथे वाजवून गेले होते. मग मागणी पुढे आली की स्टेडियम आणि अरीनातल्या प्रत्येक तिकिटातला एक पाउंड छोट्या ठिकाणांसाठी ठेवा. संसदेच्या समितीने २०२४मध्ये ती उचलून धरली. कोल्डप्लेने २०२५च्या आपल्या वेम्बली आणि हलच्या कार्यक्रमांच्या कमाईतला दहा टक्के वाटा ट्रस्टला द्यायचं जाहीर केलं.

तोच कोल्डप्ले जानेवारी २०२५मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये तीन रात्री वाजवून गेला. तिकिटांसाठी आपण रात्ररात्र जागलो, रांगेत लाखांच्या आकड्याखाली अडकलो. इथल्या एका तरी खोलीसाठी त्या तिकिटातून काही मागावं, असं आपल्याला सुचलं नाही. समजा, ५०,००० लोक आले आणि तिकिटामागे २० रुपये बाजूला पडले. एका रात्रीचे १० लाख होतात. त्यात एका सभागृहाचा साऊंड, ॲम्प आणि ड्रमसेट येऊन वर पैसे उरतील. आयोजक कंपन्यांना मी हे हात जोडून सांगतो आहे. उद्या तुमच्या फेस्टिव्हलच्या तळाच्या ओळीत टाकायला बँड हवे असतील, तर त्यांच्या खोलीला आज हातभार लावा.

आणि आपण, ऐकणारे? आपल्यातली एक सवय मात्र आजच सुटायला हवी. "अरे, गेस्टलिस्टवर नाव टाक ना!" कुणाचा गिग असला की त्याच्या सगळ्या मित्रांचे हेच मेसेज येतात. दारावरचं तिकीट तीनशे रुपयांचं असतं. त्यातून जागेचं भाडं, साऊंडवाल्याचे पैसे, ड्रम न्यायला केलेला टेम्पो, हे सगळं निघून उरलं तर चौघांत वाटायचं असतं. मी पाहिलेल्या छोट्या गिगमध्ये ड्रम सरकू नयेत म्हणून खाली घरातली जुनी सतरंजी अंथरलेली असते, सेटलिस्ट हाताने लिहून चिकटपट्टीने जमिनीवर लावलेली असते, आणि दाराजवळच्या टेबलावर बेसिस्टची बहीण टी-शर्ट आणि क्यूआर कोड घेऊन बसलेली असते. या माणसांकडे फुकट प्रवेश मागायचा नाही. जितका जवळचा मित्र, तितकं आधी तिकीट काढायचं.

स्ट्रीम केलं म्हणजे पाठिंबा दिला, असंही समजू नका. २०२४पासून स्पॉटिफायवर एखादं गाणं मागच्या बारा महिन्यांत किमान १,००० वेळा ऐकलं गेलं नाही, तर त्याचा एक पैसाही कलाकाराला मिळत नाही. तुमच्या गावच्या पोराचं पहिलं गाणं बहुधा या हजाराच्या खालीच असतं. बँडकॅम्प या संकेतस्थळावर तेच गाणं विकत घेतलं तर बहुतांश रक्कम त्याच्या हातात पडते. रेमो फर्नांडिस यांनी १९८४मध्ये 'गोअन क्रेझी' हा आल्बम शिवोलीच्या आपल्या घरी फोर-ट्रॅकवर रेकॉर्ड केला, सगळी वाद्यं स्वतः वाजवली, आणि पिवळ्या स्कूटरवर कॅसेट लादून गोवाभर दुकानादुकानांत पोचवल्या. कुठल्याही कंपनीशिवाय तो आल्बम चालला, कारण दुकानदाराने ठेवून घेतला आणि लोकांनी पैसे मोजले.

तेव्हा आता एक काम करा. ते नाशिक, कोल्हापूर, अमरावती, पणजी कुठेही करता येईल, मुंबई-पुण्याची वाट बघायची गरज नाही. आपल्या नगरसेवकाला किंवा वॉर्ड ऑफिसला एक पानी पत्र लिहा. भागातल्या महापालिका शाळेच्या किंवा समाजमंदिराच्या सभागृहाचं नाव घाला. आठवड्यातल्या कोणत्या संध्याकाळी ते रिकामं असतं, ते विचारा. दोनशे माणसांच्या, दारू नसलेल्या, साडेनऊला संपणाऱ्या संगीताच्या कार्यक्रमाला ते कोणत्या भाड्याने मिळेल, ते लेखी मागा. खाली तुमच्या आणि दहा शेजाऱ्यांच्या सह्या घ्या, त्यांत एखादी एकोणीस वर्षांच्या मुलीची असू द्या. आणि पोच घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नका.