क्लच जड, की पाय नाजूक?

मैत्रिणींनो, आज स्वयंपाकघरातून बाहेर पडून जरा गाडीपाशी जाऊ या. ‘गाडीचं ते ह्यांनाच विचारा’ असं म्हणून पान उलटू नका बरं का! हे वाक्य मीही चार महिने म्हणत होते, आणि ते मला चांगलंच महागात पडलं.

त्याचं असं झालं. निवृत्तीच्या पैशांतून आमच्या ह्यांनी तरुणपणापासूनची हौस भागवली. घरची छोटी गाडी देऊन टाकली आणि सात वर्षं वापरलेली, दोन दारांची, बुटकीशी स्पोर्ट्‌स कार दारात आणून उभी केली. गिअर हातानं टाकायचे, कारण ऑटोमॅटिकमध्ये मजा नाही, असं ह्यांचं ठाम मत. आता, गाडी मला नवी नाही, बावीस वर्षं चालवते आहे. पण छोट्या गाडीचा क्लच शिवणयंत्र चालवावं तसा अलगद दबायचा. हिचा क्लच पहिल्यांदा दाबला तेव्हा वाटलं, पायाखाली पेडल नसून उंबरठाच आहे! हे म्हणाले, ‘‘स्पोर्ट्‌स कार असाच असते. सवय होईल.’’

सवय व्हायच्या आधीच परीक्षा आली. पुण्याला ह्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि साताऱ्याला परत येताना गाडी अर्थातच माझ्या हाती. खंबाटकीच्या चढावर एक ट्रक बंद पडलेला, मागे ही रांग! दर वीस पावलांनी क्लच दाबा, सोडा, पुन्हा दाबा. अर्ध्या तासात डावी मांडी थरथरायला लागली. शेवटी एकदा पाय सटकला, गाडी हिसका देऊन बंद पडली आणि हातभर मागे घरंगळली. मागे प्रवाशांनी भरलेली बस. तिचा हॉर्न अजून कानात आहे. शेजारी हे डोळ्याला पट्टी बांधून, जणू ब्रेक आपल्याच पायाखाली आहे अशा थाटात पाय रोवून बसलेले.

घरी आल्यावर हे एवढंच म्हणाले, ‘‘तुझ्या पायांत आता पूर्वीची ताकद राहिली नाही गं.’’ रागानं नाही, काळजीनं म्हणाले. म्हणूनच मला ते खरं वाटलं. किल्ली खिळ्याला अडकली ती अडकलीच. बँक, भाजी रिक्षानं होत होती. पण कोरेगावला आई एकटी असते. दर रविवारी तिच्याकडे जायचा माझा नेम. तो ‘ह्यांना सवड असेल तेव्हा’वर आला, म्हणजे महिन्यातून एकदा. आईनं कधी तक्रार केली नाही. फक्त फोनवर ‘‘ह्या रविवारी?’’ एवढं विचारायची.

मग एक दिवस बॅटरी बघायला मिस्त्री आले. गाडी बाजूला घेताना त्यांनी क्लच दोनदा दाबून पाहिला नि म्हणाले, ‘‘काकू, हा माझ्याही पायाला जड लागतोय. प्लेट संपत आली असणार हिची.’’ मी जागच्या जागी खुर्चीच ओढली आणि त्यांना सगळं नीट समजावून सांगायला लावलं. तेच तुम्हांला सांगते.

क्लच म्हणजे एका अर्थी जातंच. इंजिनबरोबर फिरणारं एक जड चाक आणि त्याच्यावर दाबून बसणारी लोखंडी प्लेट, ह्या दोन पाळ्यांच्या मधे क्लचप्लेट चिमटीत धरलेली असते. ती चिमटीत असेपर्यंत इंजिनाचा जोर चाकांपर्यंत पोचतो. दाब देण्याचं काम एक पोलादी स्प्रिंग करते. उथळ ताटलीसारखी असते ती, आणि मधोमध पाकळ्या चिरलेल्या. आपण पेडल दाबतो तेव्हा एक बेअरिंग ह्या पाकळ्यांना रेटतं, चिमटी सुटते आणि गिअर बदलता येतो. इंजिन जेवढं दमदार तेवढी चिमटी घट्ट हवी, नाहीतर प्लेट घसरेल. म्हणून स्पोर्ट्‌स कारचा क्लच मुळातच थोडा जड. इथवर ह्यांचं म्हणणं बरोबर होतं.

पण प्लेट झिजून पातळ झाली की त्या पाकळ्या बाहेरच्या बाजूला कलतात आणि त्यांना रेटायला जास्त जोर लागतो. हे हळूहळू होतं. रोज चालवणाऱ्याला कळतसुद्धा नाही. जो अधूनमधून बसतो त्याच्या मात्र लगेच लक्षात येतं. म्हणजे आमच्या घरात खरा क्लच मलाच कळला होता, आणि दोष मी पायाला दिला!

तेव्हा क्लच जड वाटला तर आधी गाडी दाखवा. ज्या गाड्यांत पेडलपासून क्लचपर्यंत केबल असते, तिथे कित्येकदा केबलच कोरडी झालेली किंवा तिच्या तारा तुटत आलेल्या असतात. ती बदलणं फारसं खर्चाचं नाही, म्हणून पहिली तीच पाहायला सांगा. चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडीचा वेग वाढत नाही, जळका वास येतो, असं होत असेल तर प्लेट बहुधा गेलीच. आणि पेडल उलट एकदम मऊ पडून खाली जात असेल, तर गाडी रस्त्यावर नेऊच नका. ऑइल गळत असण्याचा संभव असतो.

खर्चाचं एक सांगते. क्लचसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो आणि मजुरी त्याचीच मोठी असते. म्हणून एकदा उतरवला की क्लचप्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग तिन्ही एकदम बदलून घ्यावीत. खर्चाचा अंदाज आधी कागदावर लिहून मागा आणि काढलेले जुने भाग डोळ्यांनी पाहा. आमची जुनी प्लेट पाहिली तेव्हा हे बराच वेळ काही बोलले नाहीत.

नवा क्लच आल्यावर पेडल बरंच हलकं झालं. शिवणयंत्र मात्र नाही झालं ते, खोटं कशाला सांगू? राहिलेल्या जडपणाशी जुळवून घ्यायला मला बसण्यापासून शिकावं लागलं. बुटक्या गाडीत पाय खाली न जाता समोर पसरतात, त्यामुळे सगळा जोर मांडीवर येतो. पाठ आणि कंबर मागे पूर्ण टेकवून क्लच तळापर्यंत दाबा. त्या वेळीसुद्धा गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. पाय सरळ ताठ होत असेल किंवा कंबर पुढे सरकत असेल तर सीट पुढे घ्या. मात्र छाती आणि स्टिअरिंग ह्यांत किमान 25 सेंटीमीटर अंतर ठेवा, एअरबॅग उघडली तर तेवढी जागा लागते. पेडल बोटांच्या टोकानं नव्हे, चवड्यानं दाबायचं. पायांत सपाट, पातळ तळाचे, मागे पट्टा असलेले सँडल हवेत. साडी नेसून चालवणार असाल तर निऱ्या आधी आवरून घ्या.

सिग्नलला गिअर न्यूट्रलमध्ये टाकून पाय काढून घ्यायचा. लाल दिव्याला क्लच दाबून ताटकळत बसणं म्हणजे पायाला आणि बेअरिंगला फुकटची शिक्षा. गर्दीत पुढच्या गाडीला चिकटून दहा वेळा सरकण्यापेक्षा थोडी जागा पडू द्यावी आणि एकदाच पुढे जावं. त्या जागेत रिक्षा घुसेल. घुसू दे! चढावर गाडी अर्ध्या क्लचवर तोलू नका, हँडब्रेक त्याच्याचसाठी आहे. खंबाटकीला मी नेमकी हीच चूक केली होती.

एवढं करूनही गुडघा दुखत असेल, सुजत असेल, तर तेल चोळत न बसता डॉक्टरांना दाखवा. गुडघाच अधू असेल तर ऑटोमॅटिक गाडी घेण्यात कमीपणा मानू नये. आपल्याकडे 2014 पासून छोट्या, त्यातल्या त्यात स्वस्त गाड्यांतही आपोआप गिअर बदलण्याची सोय मिळू लागली.

पण ‘बायकांच्या पायांचं हे काम नव्हे’ असं कुणी म्हणालं, तर त्यांना मिशेल मूतों हिचं नाव सांगा. 1981 साली ह्या फ्रेंच बाईनं इटलीतली सानरेमो रॅली जिंकली. जागतिक अजिंक्यपदाच्या मालिकेतली रॅली जिंकणारी ती पहिली स्त्री. गाडी होती आऊडी क्वाट्रो, क्लच अन्‌ गिअर सगळं हातापायांनी चालवायचं. आणि शेजारी वाट सांगायला बसली होती तीही बाईच, इटलीची फाब्रित्सिया पोन्स. मी हे जेवताना ह्यांना ऐकवलं. ‘‘तिचा क्लच नवा असेल,’’ असं म्हणून ह्यांनी आमटी वाढून घेतली.

गेल्या रविवारी कोरेगावला मीच गेले, सोबत हे नव्हते. आईनं फाटकातच विचारलं, ‘‘ड्रायव्हर कुठाय?’’ परत निघताना तिनं पिशवीभर लिंबं दिली. ती मी मागे ठेवली. पायांपाशी पिशवी, जास्तीची सतरंजी किंवा काढलेल्या चपला कधी ठेवू नका, पेडलखाली अडकतात.