सनद नसलेले शरणार्थी

रशियाची सम्राज्ञी दुसरी कॅथरीन हिने १४ नोव्हेंबर १७७९ रोजी एक सनद दिली. क्रिमियातून आणलेल्या आर्मेनियन ख्रिस्ती लोकांना डॉन नदीकाठी वसवण्याची ती राजाज्ञा होती. जमीन, दहा वर्षांची करमाफी, सैन्यभरतीतून सूट, स्वतःचे न्यायालय, चर्च बांधण्याची मोकळीक, सारे लेखी. बाईसाहेब काही करुणामूर्ती नव्हत्या. क्रिमियाच्या खानाचे व्यापारी व कारागीर काढून घ्यावेत आणि त्याचे अर्थकारण खिळखिळे करावे, हा डाव त्यामागे होता. त्या स्थलांतरात असंख्य माणसे दगावली. तरीही लेखी शब्द राहिला आणि त्याच्या बळावर नखिचेवान हे नगर उभे राहिले.

ही परदेशी कथा आठवण्याचे कारण मात्र आपल्या आलापल्लीच्या शेजारीच आहे. आलापल्लीहून मुलचेऱ्याकडे निघाले की सागवानाच्या जंगलापलीकडे गावांची नावेच बदलतात. विवेकानंदपूर, सुंदरनगर, शांतिग्राम, देशबंधुग्राम. दारात तुळस, घरामागे मासळीचे तळे, आश्विनात दुर्गापूजा आणि घराघरांत बंगाली बोली. ही वस्ती हौसेने आलेली नाही. जानेवारी १९६४ मध्ये, श्रीनगरच्या हजरतबल प्रकरणाचे निमित्त होऊन, पूर्व पाकिस्तानात हिंदूंवर भीषण अत्याचार झाले. लक्षावधी लोक सीमा ओलांडून आले. त्यांतील अनेक कुटुंबे तेव्हाच्या अखंड चंद्रपूर जिल्ह्यात वसवण्यात आली. हिंदू म्हणून जगण्याची किंमत त्यांनी घरदार देऊन मोजली.

त्यांच्या वाट्याला सनद आली नाही असे नव्हे. एप्रिल १९५० चा नेहरू-लियाकत करार हीच त्यांची सनद! अल्पसंख्याकांच्या रक्षणाची हमी त्यात लिहिलेली होती. तिच्यावर विश्वास नसल्याने डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी मंत्रिमंडळातून बाहेर पडले. त्याच वर्षी पाकिस्तानचे पहिले कायदामंत्री जोगेंद्रनाथ मंडल, जे स्वतः नमःशूद्र समाजाचे, राजीनामा देऊन भारतात परतले. त्या कराराचे मोल याहून स्पष्ट कोण सांगणार?

मुलचेरा-चामोर्शी पट्ट्यातील अनेक कुटुंबे याच नमःशूद्र समाजाची आहेत. पश्चिम बंगालमध्ये हा समाज अनुसूचित जातींत मोडतो. महाराष्ट्राच्या यादीत तो नाही. म्हणजे तीच जात, तेच आडनाव, तेच दुःख. परंतु राज्य बदलले की मुलाचा जातीचा दाखला नाहीसा होतो. बदल संसदेच्या कायद्यानेच होऊ शकतो, हे मान्य. मग साठ वर्षांत तो कोणी अडवला? पुनर्वसन म्हणून दिलेल्या जमिनींच्या मालकी हक्काचा प्रश्नही असाच दशकानुदशके रेंगाळला. दंडकारण्यातून सुंदरबनात परतू पाहणाऱ्यांवर १९७९ मध्ये मरिचझापी बेटावर बंगालच्या डाव्या सरकारने गोळ्या चालवल्या, तेव्हा एरवी मानवाधिकारांचा कंठशोष करणारे किती जण बोलले?

२०१९ चा नागरिकत्व सुधारणा कायदा आणि मार्च २०२४ मधील त्याची नियमावली यांनी उशिरा का होईना, आश्रयाला कायद्याचे रूप दिले. पण नागरिकत्व म्हणजे पुनर्वसन नव्हे. शिवाय एक गोष्ट आपणही स्वीकारली पाहिजे: या वसाहती ज्या अरण्यात उभ्या राहिल्या, तेथे गोंड व माडिया बांधव पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. त्यांना कोणी विचारले नव्हते. दोन वंचितांना एकमेकांसमोर उभे करून सरकारी पुनर्वसन पार पडले. म्हणून बंगाली बांधवांच्या दाखल्याची मागणी करताना वनवासी बांधवांच्या आरक्षणाला आणि वनहक्काला धक्का लागणार नाही, हे त्यांच्या गावात, त्यांच्या भाषेत जाऊन सांगण्याचे काम कार्यकर्त्यांचेच आहे. मुलचेऱ्यातल्या दुर्गापूजेला आलापल्लीतून किती घरे जातात?