जर्सीवर नाव कुणाचं?

फेब्रुवारी 2023 मध्ये कतारच्या शेख जासिम बिन हमद अल थानी यांनी मँचेस्टर युनायटेड विकत घेण्यासाठी बोली लावली, तेव्हा मी सुट्टीवर घरी होतो. घर म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं तालुक्याचं गाव. इशाची नमाज झाली की बसस्टँडसमोरच्या हॉटेलात आमचा फुटबॉलचा कट्टा बसतो. आठ-नऊ जण, त्यातल्या कुणीही इंग्लंड पाहिलेलं नाही. पण ओल्ड ट्रॅफर्डच्या छताला गळती कुठे लागते हे सगळ्यांना ठाऊक. त्या रात्री कट्ट्यावर ईद असल्यासारखा माहोल होता. "अबे, अपना आदमी आ रहा है," एकाने जाहीर करून टाकलं आणि सगळ्यांच्या चहाचे पैसेही दिले. एरवी असं कधी होत नाही.

खोटं कशाला सांगू, मलाही आनंद झाला होता. अमेरिकेच्या ग्लेझर कुटुंबाने 2005 साली हा क्लब घेतला तो मुख्यतः उसनवारीवर आणि ते कर्ज क्लबच्याच डोक्यावर टाकलं. म्हणजे मालकी त्यांची आणि व्याज भरायचं क्लबने. त्यानंतर अठरा वर्षं तिकिटाच्या आणि जर्सीच्या पैशातून सावकाराची भरपाई चालली होती. शेख म्हणत होते, पूर्ण क्लब घेतो आणि कर्ज शून्य करतो. सूद म्हणजे काय हे लहानपणापासून ऐकत आलेल्या पोरांना ही बोली आवडली यात नवल नव्हतं.

कोपऱ्यात बसलेला आमचा एक मित्र मात्र गप्प होता. तो चार वर्षं दोह्यात इलेक्ट्रिशियन होता. खूप छेडल्यावर म्हणाला, "तुम्ही शेख पाहिलाय, मी कॅम्प पाहिलाय." एका खोलीत दहा माणसं, पासपोर्ट ठेकेदाराच्या कपाटात, पगार दोन-दोन महिने उशिरा. 2020 नंतर नोकरी बदलायला मालकाची परवानगी लागत नाही असा कायदा कतारने केला, किमान वेतनही ठरवलं. पण तो त्याआधीच परतला होता. लगेच एकाने विचारलं, मग वाईट कोण, शेख की ठेकेदार? तो हसला. ठेकेदार केरळचा होता, म्हणाला. आणि घरावरचा स्लॅब त्याच पैशातून पडला, हेही त्यानेच सांगितलं. ज्याने सोसलं तो आमच्यातला सगळ्यात कमी आवाजात बोलत होता, हे माझ्या लक्षात राहिलं.

दुसऱ्या बाजूला होते सर जिम रॅटक्लिफ. रसायनं आणि प्लॅस्टिकचा कच्चा माल बनवणाऱ्या इनिऑस कंपनीचे मालक, कर वाचवायला मोनाकोत राहायला गेलेले. कट्ट्याची तक्रार अशी की कतारला सतरा प्रश्न विचारणारी इंग्रजी वर्तमानपत्रं यांना दोनच विचारतात. तक्रारीत तथ्य होतं. गोरा मालक म्हणजे आपोआप स्वच्छ पैसा, हा समज युरोपात आहे आणि आपल्याकडेही आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये शेख बाजूला झाले. 2024 च्या फेब्रुवारीत रॅटक्लिफ यांनी पाव हिश्श्याहून थोडं जास्त घेतलं आणि मग शेकडो कर्मचाऱ्यांची कपात झाली, कँटीनमधलं मोफत जेवणही गेलं. "बघ, आपला आला असता तर?" मला कट्ट्यावरून फोन आला.

माझं घोडं इथेच अडतं. "आपला" म्हणजे कोण?

ऑक्टोबर 2021 मध्ये सौदी अरेबियाच्या सार्वजनिक गुंतवणूक निधीने न्यूकॅसल युनायटेडचा 80 टक्के हिस्सा घेतला. त्या दिवशी इंग्रज पोरं डोक्याला टॉवेल गुंडाळून स्टेडियमबाहेर नाचली. क्लबलाच नंतर सांगावं लागलं की बाबांनो, हे नको. त्याच शहरातल्या मूठभर समर्थकांनी मात्र विरोधाचा गट काढला आणि आपल्याच लोकांच्या शिव्या खाल्ल्या. 2025 च्या मार्चमध्ये न्यूकॅसलने लीग कप जिंकला, सत्तर वर्षांतला देशातला पहिला मोठा चषक. त्या रात्री कुणाला 2018 साली इस्तंबूलच्या सौदी वकिलातीत मारले गेलेले जमाल खशोगी आठवले असतील? खशोगी मुसलमान होते. येमेनमध्ये बॉम्बखाली मेलेली माणसंही मुसलमान होती. मालकाच्या नावावरून त्याला आपला ठरवायचं, तर मेलेल्यांच्या नावांचं काय करायचं?

हे सगळं लांबचं वाटत असेल तर जवळचं घ्या. 2019 च्या नोव्हेंबरात मुंबई सिटी एफसीचा 65 टक्के हिस्सा सिटी फुटबॉल ग्रुपने घेतला. या ग्रुपची सूत्रं अबुधाबीच्या शेख मन्सूर यांच्या कंपनीकडे आहेत. मँचेस्टरमध्ये यावर पुस्तकं लिहिली गेली. आपल्याकडे आनंद झाला आणि विषय संपला. संघ उत्तम खेळला, 2020-21 मध्ये लीग आणि चषक दोन्ही घेतले. 6 नोव्हेंबर 2023 ला नवी मुंबईत तो अल हिलालशी खेळला. अल हिलाल सौदी निधीचा, मुंबई अबुधाबीची. दोन आखाती तिजोऱ्या नेरुळमध्ये भिडल्या आणि आम्ही नेमार जखमी होऊन आला नाही म्हणून हळहळत होतो. 2025 च्या डिसेंबरात भारतीय लीगचं भवितव्य अधांतरी झालं आणि सिटी ग्रुपने हिस्सा सोडला. मालक गेले, प्रेक्षक आहेत तिथेच आहेत.

पुण्यात मी नोकरी करतो, तिथली गोष्ट तर अस्सल मराठी. डीएसके शिवाजियन्स हा संघ 2015 मध्ये आय-लीगमध्ये आला, लिव्हरपूलच्या नावाची अकादमीही पुण्यात निघाली. दोन हंगामांत संघ बाहेर. 2018 च्या फेब्रुवारीत बांधकाम व्यावसायिक डी. एस. कुलकर्णी यांना ठेवीदारांच्या फसवणुकीच्या आरोपाखाली अटक झाली. ठेवीदारांत कितीतरी निवृत्त माणसं. एफसी पुणे सिटी हा दुसरा संघ डीएचएफएलच्या वाधवान कुटुंबाच्या समूहाचा, सोबत हृतिक रोशन. 2019 मध्ये तो बंद झाला आणि पुढच्याच वर्षी वाधवान बंधू येस बँक प्रकरणात अटकेत. खटल्यांचा निकाल न्यायालय देईल. पण त्या स्टँडमध्ये बसून ओरडणाऱ्यांपैकी कुणी कधी विचारलं होतं का, की हा पैसा येतो कुठून? मी बालेवाडीला तीन सामने पाहिले. मी नाही विचारलं.

आणि मी का विचारायला हवं होतं, ते सांगतो.

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना आमच्या मोहल्ल्याच्या टीमला जर्सी हव्या होत्या. गावातल्या एका पतसंस्थेकडे मीच गेलो. बोलता येतं म्हणून मला पुढे केलं होतं. चेअरमनसाहेबांनी चहा पाजला, सोळा जर्सी आणि दोन बॉल दिले. छातीवर पतसंस्थेचं नाव. आम्ही ती जर्सी लग्नातसुद्धा घालायचो. माझी फुफू शिलाईकाम करायची, मुलीच्या लग्नासाठी पै पै जोडत होती. ती पोस्टातून पैसे काढून त्या पतसंस्थेत ठेवून आली. पतसंस्था बुडाली तेव्हा अब्बूंनी तिला विचारलं, कुणाला विचारून ठेवलेस? ती म्हणाली, "अपने बच्चों के सीने पे नाम था ना."

तिने मला कधी बोल लावला नाही. अजूनही गेलो की शीरखुर्मा काढून ठेवते.

खेळाने प्रतिमा धुऊन निघते, हे इंग्लंडचे पत्रकार ज्याच्याबद्दल लिहितात, ते मी सोळा जर्सींच्या भावात करून बसलो होतो. ऑफिसात कुणाचा कोड उचलून वापरायचा असेल तर आम्ही त्याचं लायसन्स वाचतो, तो कुठून आला ते बघतो, नाहीतर रिलीज अडतं. छातीवर नाव लावताना मात्र कापड कसं आहे एवढंच बघितलं.

म्हणून कुणाचाच पैसा घ्यायचा नाही, असं मी म्हणत नाही. धुतल्या तांदळासारखा शेठ कुठून आणणार? जर्मनीत बहुतेक क्लबांची निम्म्याहून जास्त मतं सभासदांकडे ठेवावी लागतात; तिथेही पळवाटा निघाल्या, पण निदान मालकाला सभासदांसमोर उभं राहावं लागतं. ग्लेझर आले त्याच वर्षी मँचेस्टरच्या काही समर्थकांनी वेगळा होऊन एफसी युनायटेड काढला, एका सभासदाला एक मत. तो खालच्या लीगमध्ये खेळतो. त्यांना चालतं. आमच्या कट्ट्याला हे पटत नाही. "मग आयुष्यभर हरत बसायचं का?" असा सवाल येतो आणि तो अगदीच फालतू नाही.

सध्या कट्ट्यावर शेख नाही, वेगळाच विषय आहे. उन्हाळ्यातल्या स्पर्धेसाठी एका रेती ठेकेदाराने टीमला किट, बूट आणि मैदानाच्या लाइटचा खर्च देऊ केलाय. नाव मात्र छातीवर आणि कमानीवर हवं. त्याचे टिप्पर रात्री नदीतून निघतात हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. टीममधल्या दोघांचे वडील त्याच टिप्परवर ड्रायव्हर आहेत, त्यामुळे जोरात बोलायला कुणी तयार नाही. काहींचं म्हणणं, माणूस दिलदार आहे, रमजानमध्ये अर्ध्या मोहल्ल्याला रेशन देतो. एकाने मला सुनावलं, तू पुण्यात बसून पगार घेतोस, तुझी कंपनी कुणाचं काम करते ते तू विचारलंयस का? मी विचारलेलं नव्हतं. आता विचारतोय.

मी एवढंच सुचवलंय की आधी वर्गणी काढून बघू, घरटी शंभर रुपये, आणि हिशेब हॉटेलच्या भिंतीवर लावू. कमी पडले तर बूट जुनेच वापरू. दोह्याहून आलेल्या मित्राने पहिले पाचशे टाकले. चहाचे पैसे देणारा अजून विचार करतोय. बैठक जुम्म्यानंतर आहे.