वयाची अट कोणाच्या सोयीची?



शाळेतून थेट एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगमध्ये गेलेली मुलं वाया जातात, हे पटवताना या सदरातल्या आधीच्या एका पत्राच्या लेखकाने क्वामे ब्राऊनचा दाखला दिला आहे. २००१च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, सर्वांत आधी निवडला गेलेला ब्राऊन अपेक्षांना उतरला नाही, हे खरंच. तरीही तो बारा हंगाम टिकला. त्याच वाटेने १९९५ साली केव्हिन गार्नेट, १९९६ साली कोबी ब्रायंट आणि २००३ साली लेब्रॉन जेम्स आले, त्यांचं काय? अ‍ॅक्रनच्या शाळेतून आलेल्या अठरा वर्षांच्या लेब्रॉनने सॅक्रामेंटोविरुद्ध पहिल्याच सामन्यात २५ गुण, ९ असिस्ट आणि ६ रिबाउंड नोंदवले. हे कच्च्या पोराचं काम नव्हे.

‘कॉलेजात खेळ पक्का होतो, शिक्षणही होतं’ हा त्या पत्रातला मुद्दा वरवर रास्त वाटतो. पण २००६च्या ड्राफ्टपासून किमान १९ वर्षांची अट आली आणि अनेक गुणी खेळाडू जेमतेम वर्षभर खेळून कॉलेज सोडू लागले. वर्षभरात कसली पदवी? तेव्हाच्या नियमांत कॉलेजं तिकिटांवर आणि प्रक्षेपणावर कमावत, खेळाडूच्या हाती मात्र शिष्यवृत्तीपलीकडे फारसं काही पडत नसे. आणि त्या वर्षात गुडघा गेला, तर गरीब घरातल्या मुलाची भरपाई कोण करणार, याचं उत्तर त्या पत्रात कुठेच नाही.

— एक वाचक