किल्ल्या कुणाच्या कमरेला?

घरात सत्ता कुणाची, हे पूर्वी विचारावं लागत नसे. कोठीच्या किल्ल्यांचा जुडगा जिच्या कमरेला, तिचं राज्य. सून कितीही राबली तरी किल्ली सासूकडे. आज ती किल्ली ‘पासवर्ड’ नावाने मोबाईलमध्ये गेली आहे. 2025 मध्ये लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीसाठी आधारचा ओटीपी लागला. आपल्या आधारला मोबाईल नंबर नवऱ्याचा जोडलेला आहे, हे आमच्याकडे आलेल्या कितीतरी जणींना तेव्हा पहिल्यांदा कळलं.

बोईसरच्या आमच्या केंद्रात तारापूर एमआयडीसीत पॅकिंगचं काम करणारी एक बाई येत असे. तक्रारीचा मसुदा आणि जखमांचे फोटो तिने स्वतःच्या ईमेलमध्ये ठेवले होते. पासवर्ड आम्ही बदलून दिला. पण ‘पासवर्ड विसरलात का?’ या प्रश्नाचं उत्तर जाणारा नंबर नवऱ्याचा होता, हे आमच्या लक्षात आलं नाही. त्याने सगळं वाचलं. त्या रात्री तिने जो मार खाल्ला, त्यात आमच्या अज्ञानाचा वाटा आहे, असं मी आजही मानते.

त्यानंतर आम्ही स्वतःच्या घरात पाहिलं. केंद्राचे सगळे पासवर्ड एका वहीत होते, तेच व्हॉट्सॲपवर फिरत होते. काम सोडून गेलेल्या कार्यकर्तीलाही आमची मेल उघडता येत होती. ‘बाई, तुमची गोष्ट या भिंतीबाहेर जाणार नाही’ असं आपण रोज सांगतो. बलात्कारपीडितेची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 खाली गुन्हा आहे. मुलांच्या बाबतीत पोक्सो कायद्याचं कलम 23 आहे. मग आपली किल्ली दारातच टांगलेली कशी चालेल?

पासवर्ड सांभाळणारी ॲप्स पुष्कळ आहेत. बहुतेक ॲप्स आपली तिजोरी कंपनीच्या क्लाऊडवर ठेवतात. क्लाऊड म्हणजे आकाशातला ढग नव्हे, तो दुसऱ्याच्या मालकीचा संगणक. 2022 मध्ये लास्टपास या कंपनीच्या ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रती चोरांनी अशाच साठवणीतून उचलल्या. आतले पासवर्ड कुलूपबंद होते, पण कोणत्या वेबसाईटचे ते, हे उघडं होतं. एखादी बाई कोणत्या मदतकेंद्राच्या पानावर जाते, एवढं कळलं तरी तिचा घात होऊ शकतो.

आम्ही दुसरी वाट धरली. कीपास पद्धतीत सगळे पासवर्ड एकाच कुलूपबंद फाईलमध्ये राहतात आणि ती फाईल आपल्याच यंत्रावर असते. संगणकावर कीपासएक्ससी, अँड्रॉइड मोबाईलवर कीपासडीएक्स. दोन्ही मोफत, आणि त्यांची रचना कुणालाही तपासता येते. पालघर आणि बोईसरच्या संगणकांत फाईल सारखी ठेवायला सिंकथिंग वापरतो. ते कुठेही साठवण न करता एका यंत्रातून थेट दुसऱ्यात फाईल नेतं. मात्र दोन्ही यंत्रं एकाच वेळी चालू असावी लागतात. त्याचं अँड्रॉइडवरचं मूळ ॲप डिसेंबर 2024 मध्ये बंद झालं, आता स्वयंसेवकांनी चालवलेली आवृत्ती आहे. म्हणून मोबाईलवर आम्ही सोमवारी केबलनेच फाईल टाकतो. जव्हार-मोखाड्याच्या ज्या पाड्यांवर रेंज नाही, तिथेही ती उघडते.

मैत्रिणींनो, हा मार्ग फुकट असला तरी त्यात कष्ट आहेत. दोघींनी एकाच वेळी बदल केले तर फाईलच्या दोन प्रती होतात आणि त्या एकत्र कराव्या लागतात. म्हणून लिहिणारी एकच, बाकीच्या वाचणाऱ्या, असा नियम केला. मुख्य पासवर्ड हरवला तर परत देणारी कंपनी नाही. तो कागदावर लिहून, पाकीट लाखबंद करून, दोन पदाधिकाऱ्यांच्या घरी ठेवला आहे. पेन ड्राइव्हवरची एक प्रत तिसरीकडे. कार्यकर्ती गेली की त्याच दिवशी सगळे पासवर्ड बदलतात. नुसता मुख्य पासवर्ड बदलून भागत नाही, कारण जुनी प्रत तिच्याकडे असू शकते.

ज्यांना हे जमणार नाही त्यांनी चांगलं क्लाऊडवालं ॲप वापरावं. वहीपेक्षा आणि व्हॉट्सॲपपेक्षा ते शंभर पटीने बरं. ‘नको ते तंत्रज्ञान’ म्हणून हात झटकणं मात्र आपल्याला परवडणारं नाही.

आणि जिच्यासाठी हे सारं, त्या बाईचं काय? तिला हाच सल्ला डोळे मिटून देऊ नका. तिचा चोर दूरदेशीचा नाही, तो शेजारच्या अंथरुणावर आहे. ती झोपली असता तिचा अंगठा लावून तो फोन उघडतो. तिच्या फोनमधलं नवं ॲपच संशयाला कारण होतं. तिच्यासाठी वेगळा ईमेल, त्याला विश्वासातल्या मैत्रिणीचा किंवा बहिणीचा नंबर, आणि चारपाच असंबद्ध शब्दांचा, तिच्या बोलीतला, फक्त तिच्या डोक्यातला पासवर्ड. ते ईमेल उघडायचं तेही केंद्रात येऊन. तिची किल्ली आम्हीही मागत नाही.

हा शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. संस्थेची किल्ली एकट्या ताईंच्या हाती असेल आणि बाकीच्यांनी विचारायचंही नसेल, तर आपण सासूचा जुडगाच नव्या नावाने कमरेला लावला. किल्ली कुणाकडे, का आणि किती दिवस, हे बैठकीत ठरावं, वहीत नोंदलं जावं. तुमच्या गटाची किल्ली आज कुणाकडे आहे? पुढच्या बैठकीत एवढा एक प्रश्न विचारून पाहा.