कारंज्याचा पंप कोणी उघडायचा?

तुमच्या शाळेत किंवा गावातील बागेत एखादे कारंजे असेल, तर ते आज चालू आहे काय हे एकदा पाहून या. बहुधा हौद कोरडा असेल. नाहीतर त्यात हिरवट पाणी साचलेले असेल. चौकशी केलीत तर एकच उत्तर मिळेल, "पंप बिघडला आहे." माझे मत असे, की पुष्कळदा पंप बिघडलेला नसतोच. त्याच्याकडे कोणी पाहिलेले नसते, इतकेच.

आमच्या महाविद्यालयातही असेच झाले. उद्घाटनाच्या दिवशी दीड मीटर उडणारी धार दोन महिन्यांत वीतभर झाली आणि मग थांबली. नवा पंप घेण्याचा अर्ज माझ्याकडे सहीसाठी आला, तेव्हा मी प्रथमच त्या पंपाजवळ गेलो. वीस वर्षे मी फळ्यावर अपकेंद्री पंपाची आकृती काढत आलो. पण तोवर एकही पंप उघडून पाहिला नव्हता, हे कबूल करतो.

प्लग काढला आणि दोन विद्यार्थ्यांना घेऊन बसलो. जाळीवर कडुनिंबाच्या पानांचा लगदा बसला होता. अशा छोट्या, पाण्यात बुडवून ठेवायच्या पंपात तारेचे वेटोळे राळेत पक्के बंद केलेले असते. आत फिरतो तो फक्त एक नळकांड्यासारखा चुंबक आणि त्याला जोडलेला पंखा. आमच्या बोअरच्या जड पाण्याने त्या चुंबकावर क्षारांचे पांढरे कवच चढले होते. लिंबूसत्त्वाच्या पाण्यात तो अर्धा तास ठेवला, जुन्या दातांच्या ब्रशने घासला आणि परत बसवला. कारंजे उडू लागले! अर्जावर सही करावी लागली नाही.

आता थोडे गणित. दीड मीटर उंच जाण्यासाठी धार तोटीतून सेकंदाला सुमारे 5.4 मीटर वेगाने निघावी लागते. उंची ही वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून वेग निम्मा झाला, की उंची निम्मी नव्हे, चौथाई होते. म्हणजे जेमतेम 37 सेंटिमीटर. आत कचरा साचू लागल्याची वर्दी कारंजे स्वतःच देत असते. ती वाचणारा मात्र हवा.

वैशाखात आणखी एक संकट येते. हौदातील पाणी उडून जाते, पातळी उतरते आणि पंप कोरडा फिरू लागतो. त्याला थंड ठेवणारे आणि त्याच्या आसाला वंगण देणारे तेच पाणी असते. ते गेले, की पंप खरोखरच जळतो.

काही शिक्षक म्हणतात, विजेची उधळपट्टी कशाला? 20 वॅटचा पंप पन्नास तास चालला तर एक युनिट जळते. मिनिटाला 10 लिटर पाणी दीड मीटर चढवण्याचे प्रत्यक्ष काम मात्र अडीच वॅटहून कमी असते. बाकीची शक्ती कोठे जाते, हे तुम्हीच शोधा. आणि कारंजे बंदच ठेवायचे असेल, तर हौदही रिकामा करा. साचलेल्या पाण्यात डासाच्या अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठदहा दिवस पुरतात, आणि त्यात डेंग्यू पसरवणारा एडीसही असतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मुलांना विजेचा धक्का बसला तर? भीती रास्त आहे. म्हणून जोडणी तज्ज्ञ वायरमननेच करावी. अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअर गळतीला वीज तोडणारा आरसीसीबी असल्याशिवाय कारंजे चालवूच नये. प्लग हातात आल्याखेरीज पाण्यात बोट घालायचे नाही, हाही नियम. एवढे पाळून, शिक्षक शेजारी उभे असताना नववीच्या मुलांनी जाळी धुवायला काय हरकत आहे? हे काम शिपाईमामांच्या गळ्यात घालून आपण वर्गात बर्नुलीचे सूत्र पाठ करायचे, हे मला तरी पटत नाही.

आमच्याकडे आता दर शनिवारी धारेची उंची मोजून वहीत लिहितात. गेल्या जूनमध्ये ती 150 सेंटिमीटरवरून 110 वर आली, तेव्हा मुलांनी मला न विचारता प्लग काढून ठेवला आणि मगच बोलावले. जाळीत गुलमोहराच्या पाकळ्या होत्या.