व्हिसाचा फॉर्म स्वतः भरा

परदेशी जायचं ठरलं की आपल्या मोहल्ल्यात पहिला प्रश्न येतो, 'एजंट कोण?' फिरायला निघालेलं जोडपं असो, मुलाला भेटायला निघालेली अम्मी असो की आखातात काम शोधणारा भाऊ, सगळ्यांचे पासपोर्ट त्याच एका दुकानाच्या ड्रॉवरमध्ये जाऊन पडतात. वकिलातीच्या दारात उभं राहण्यासाठी मुंबई-दिल्ली गाठावी लागायची, तेव्हा बीड किंवा रत्नागिरीच्या माणसाला एजंट लागायचा, हे समजण्यासारखं आहे. आता बऱ्याच देशांनी ती रांग मोबाइलवर आणून ठेवली आहे. सवय मात्र सुटलेली नाही.

उझबेकिस्तानचंच घ्या. समरकंद आणि बुखारा पाहायची इच्छा आपल्यापैकी अनेकांना असते. बाबराचा जन्म त्याच देशातल्या अंदिजानचा. ज्याच्या नावावरून 'अल्गोरिदम' हा शब्द आला आणि ज्या शब्दावर माझं पोट चालतं, तो अल-ख्वारिझ्मी तिथल्याच ख्वारिझमचा. या देशाने जुलै २०१८ मध्ये ई-व्हिसा सुरू केला. पासपोर्टच्या पानाची प्रत, एक फोटो आणि ३० दिवसांपर्यंतच्या एकेरी प्रवेशाच्या व्हिसासाठी २० डॉलर शुल्क. साधारण तीन कामाच्या दिवसांत व्हिसा ईमेलवर येतो. फॉर्म भरायला एक संध्याकाळ पुरते. (शुल्क आणि नियम बदलतात, म्हणून अर्जाच्या दिवशी अधिकृत साइटवर पुन्हा पाहा.)

एजंटने मेहनतीचे पैसे घेणं गैर नाही. पण सरकारी शुल्क किती आणि त्याची मजुरी किती, हे आपल्याला माहीत असायला हवं. ते कळायचं तर फॉर्म एकदा तरी स्वतःच्या हाताने भरावा लागतो.

सुरुवात साइटच्या पत्त्यापासून करा. गूगलवर शोधलं की सरकारी साइटच्या आधी जाहिराती दिसतात. त्यातल्या काही खासगी दुकानांच्या असतात, रंगरूप हुबेहूब सरकारी. ओळखायचं कसं? सुरुवातीच्या 'एचटीटीपीएस'नंतरच्या दोन जोड रेघा सोडून पत्त्यातली पहिली तिरकी रेघ शोधा आणि तिथून पत्ता उर्दूसारखा उजवीकडून डावीकडे वाचा. उझबेकिस्तानच्या सरकारी पत्त्याच्या शेवटी 'यूझेड' असतं आणि त्याच्या लगेच आधी 'गव्ह', दोन्हींच्या मध्ये टिंब. शेवटी 'डॉट कॉम' असेल, तर आधी कितीही वेळा 'गव्ह' आणि 'व्हिसा' लिहिलेलं असो, ती साइट सरकारची नाही. पासपोर्टची प्रत आणि कार्डाचा नंबर तिथे देऊ नका.

मग नाव. आपल्याकडे हा मोठा घोळ आहे. मराठवाड्यात 'शेख' पुढे लागतो, कोकणात आडनाव शेवटी येतं. रोमन लिपीत शेख तीन-चार तऱ्हांनी लिहिला जातो, मोहम्मदचं तर विचारूच नका. आधारवर एक, दाखल्यावर दुसरं, पासपोर्टवर तिसरं. व्हिसासाठी पासपोर्टवरचंच नाव चालतं, अक्षर न् अक्षर तसंच. फोटोच्या पानावर खाली ४४-४४ अक्षरांच्या दोन ओळी असतात. विमानतळावरचं यंत्र त्याच वाचतं. फॉर्म पाठवण्याआधी नाव, पासपोर्ट क्रमांक आणि जन्मतारीख त्या ओळींशी ताडून पाहा. एक अक्षर चुकलं तरी विमान कंपनी दारातून परत पाठवू शकते.

यात जास्त अडतात त्या आपल्या आया-बहिणी. कित्येकींच्या पासपोर्टवर एकच नाव असतं, आडनावाची जागा रिकामी. नोव्हेंबर २०२२ पासून संयुक्त अरब अमिरातींनी पर्यटक आणि भेटीच्या व्हिसासाठी अशा एकेरी नावाच्या पासपोर्टवर निर्बंध आणले. तिकीट काढल्यावर हे कळण्यापेक्षा आजच घरातले सगळे पासपोर्ट उघडून पाहा.

फॉर्ममध्ये ईमेल कोणाचा जातो, हेही पाहा. एजंटचा गेला तर व्हिसा आणि त्याबद्दलचा प्रत्येक निरोप त्याच्याकडे जातो, आपण फक्त फोन करत बसतो. अम्मीच्या अर्जात अम्मीचाच ईमेल हवा. नसेल तर आधी तो उघडून द्या, आणि पासवर्डही तिच्याकडेच राहू द्या.

शेवटची गोष्ट सर्वांत गंभीर आहे. हातात आलेल्या व्हिसावर प्रकार कोणता लिहिला आहे, ते वाचा. 'सध्या व्हिजिटवर जा, तिकडे गेल्यावर कामाचा करून देऊ' या भरवशावर आपली पोरं कर्ज काढून विमानात बसतात. व्हिजिट व्हिसावर काम करणं तिथे गुन्हा आहे. पगार बुडाला तर तक्रार करायचीही चोरी होते. कामासाठी जायचं असेल तर एजंट नोंदणीकृत आहे का, ते भारत सरकारच्या 'ई-मायग्रेट' पोर्टलवर पाहता येतं. कायद्याने त्याला ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी, यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. ज्याने साधा पर्यटक व्हिसा एकदा स्वतः भरला आहे, तो असा कागद हातात आल्यावर निदान वाचून तरी पाहील.

कोणी म्हणेल, फॉर्म इंग्रजीत असतो, कार्ड चालत नाही, वडीलधाऱ्यांना हे जमणार कसं? अडचणी खऱ्या आहेत. कार्डावर परदेशी व्यवहार बहुधा बंद असतात, ते बँकेच्या ॲपमधून सुरू करता येतात. इंग्रजीसाठी तुम्ही आहात. प्रत्येक गल्लीत आता कॉलेजात जाणारी एखादी मुलगी, डिप्लोमा केलेला एखादा मुलगा आहे. शेजारच्या चाचींचा फॉर्म आला तर मोबाइल त्यांच्याच हातात राहू द्या. तुम्ही शेजारी बसा आणि प्रत्येक रकाना त्यांच्याकडूनच भरून घ्या. वेळ दुप्पट लागेल. पुढच्या वेळी मात्र त्या तुम्हाला फक्त एक-दोन शंका विचारायला बोलावतील.